चांद्याच्या परिषदेतली तीन प्रात्यक्षिके

पुण्याहून निघालो तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक लहान वळकटी होती आणि दोन मोठ्या लाकडी पेट्या. पेट्यांवर मी स्वतः रंगाने 'काच' असे ठळक लिहिले होते. एका पेटीत आमच्या कॉलेजचा ऑसिलोस्कोप होता. आवाजाची किंवा विजेची लाट हिरव्या रेषेने काचेच्या पडद्यावर दाखवणारे हे यंत्र आमच्याकडे एकच होते, आणि ते सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्या पेटीत बिनतारी संदेश घेण्याचा आणि पाठवण्याचा एक संच होता. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेला हा संच आम्ही दुरुस्त करून घेतला होता.

रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या अभियंत्यांची वार्षिक परिषद त्या वर्षी चांद्याला भरणार होती. अशा परिषदा एरवी मोठ्या शहरात भरतात. पण जंगलखात्याला दूरच्या डेपोंसाठी बिनतारी संच घ्यायचे होते, आणि घ्यावेत की नाही हे परिषदेतली प्रात्यक्षिके पाहून ठरणार होते. माझ्याकडे तीन दिवसांची तीन प्रात्यक्षिके आणि त्यांना जोडून शिकवणीचे वर्ग होते. माझे सहकारी दामले चार दिवस आधीच पुढे गेले होते.

मनमाडला गाडी बदलली, वर्ध्याला पुन्हा बदलली. दोन्हीकडे हमालांशी माझा एकच वाद झाला. पेटी डोक्यावर घ्यायची की दोघांनी मिळून धरायची? दोन्हीकडे मी दुसरी बाजू स्वतः धरली. वर्ध्यापासून पुढे काळी जमीन बराच वेळ सोबत होती. मग कापसाची वाळलेली झाडे कमी झाली, झाडी वाढली, आणि पानगळ झालेल्या पळसांवर केशरी फुले दिसू लागली. डब्यातला एक शेतकरी माझ्या पेटीवर कोपर टेकून झोपला होता. त्याला उठवावे असे दोनदा मनात आले, पण उठवले नाही.

चांद्याला उतरलो तेव्हा सकाळ होती. गावाभोवती दगडी परकोट आहे. टांगा जटपुरा दरवाजातून आत शिरला तेव्हा टांगेवाल्याने घोडा थांबवून माझ्याकडे वळून पाहिले.

"भाऊ, पुन्यातून आले का जी?"

"हो. कसे ओळखलेत?"

"तुमी टांग्यात बसून पेटी मांडीवर घेतली. इथचे लोक पेटीवर बसतेत."

परिषद एका शाळेच्या सभागृहात होती. अभियंते चाळीसेक, जंगलखात्याची मंडळी, आणि खेड्यांत सरकारने दिलेले रेडिओ सांभाळणारे काही शिक्षक. त्यांतले कुरखेड्याचे गहाणे गुरुजी पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी जेवायला बसले. धान कापून झाले की त्यांच्या गावचे लोक शाळेच्या अंगणात रेडिओभोवती जमतात, आणि बॅटरी उतरली की सगळे गुरुजींकडेच पाहतात, असे ते सांगत होते. वाढणाऱ्या बाईंनी मला विचारले, "सांबार टाकू का जी?" मी हो म्हणालो आणि मद्रासी आमटीची वाट पाहत बसलो. बाईंनी वरणावर हिरवी कोथिंबीर भुरभुरली आणि त्या पुढे गेल्या. गुरुजी म्हणाले, "आमच्याकडं सांबार म्हंजे कोथिंबीर. तुमाले काय पाह्यजे होतं?" मी म्हणालो, हेच.

पहिले प्रात्यक्षिक उत्तम झाले, हे सांगायला संकोच वाटत नाही, कारण पुढचे मला सांगायचेच आहे. सभागृहाच्या खिडक्यांवर घोंगड्या टाकून अंधार केला होता. ऑसिलोस्कोपला मायक्रोफोन जोडला आणि एकेकाला पुढे बोलावले. प्रत्येकाने आपले नाव उच्चारायचे आणि पडद्यावरची रेषा पाहायची. एका तरुण अभियंत्याच्या 'र'ला दातेरी लाट आली. गहाणे गुरुजींनी वर्गात म्हणतात तसा दोनचा पाढा म्हटला आणि रेषा दर ओळीला तशीच उठली, तशीच बसली. जंगलखात्याचे जे मोठे अधिकारी निर्णय देणार होते ते मागे उभे होते. ते पुढे आले, एकदा खाकरले आणि म्हणाले, "हे दिसायला छान आहे. पण माझ्या जंगलात खाकरण्याचे चित्र काढून काय करू? मला निरोप हवा."

"तो उद्या मिळेल," मी म्हणालो.

दुसरे प्रात्यक्षिक आलापल्लीला होते. तिथे सागाच्या लाकडांचा मोठा डेपो आणि आरागिरणी आहे. मी तिथून संचावर बोलायचे, दामल्यांनी चांद्याच्या सभागृहातल्या दुसऱ्या संचावरून उत्तर द्यायचे, आणि दोन्हीकडच्या लोकांनी ते ऐकायचे, आलापल्लीत ऑसिलोस्कोपवर पाहायचेही, असे ठरले होते. वेळ दुपारी चार ते साडेचार. साडेचारनंतर दामल्यांच्या बाजूचा संच दुसऱ्या वक्त्यांना द्यायचा होता.

पहाटे जंगलखात्याची एक जीप आणि एक ट्रक निघाला. जीपमध्ये अधिकारी आणि त्यांच्या कचेरीतले बडे बाबू बसले. मी ट्रकमध्ये पेट्यांजवळ बसलो. बरोबर वीसेक अभियंते आणि गहाणे गुरुजी होते. गोंडपिपरीपर्यंत धुळीचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटे आणि मधूनमधून बोड्या (शेताला पाणी देणारी लहान तळी). बोडीच्या काठावर गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बाया टोपल्यांनी मासे धरत होत्या. ट्रक गेला तरी त्यांनी मान वर केली नाही.

वैनगंगेला पूल नाही. पात्रात बरीच वाळू उघडी पडली होती, पण मधली धार खोल होती. दोन मोठ्या नावा जोडून त्यांवर फळ्या टाकलेला तराफा होता, त्यावर आधी जीप गेली, मग ट्रक. ट्रक चढताना फळ्या वाकल्या. मी खाली उतरून दोन्ही पेट्या ट्रकमधून उतरवून घेतल्या, आणि एका डोंग्यात (एका लाकडात कोरलेली होडी) ठेवून स्वतः त्यांच्यामध्ये बसलो. डोंगा वल्हवणारा धिवर साठीचा होता. तो दोन्ही पेट्यांवरून नजर फिरवत होता. मग म्हणाला, "ह्यात काय हाये जी?"

"यंत्र आहे. तारेशिवाय निरोप पाठवते."

"नदीच्या पल्याडून?"

"शंभर मैलांवरूनही."

त्याने दोन वल्ही मारली. "पावसाळ्यात पाठवते का?"

"पाठवते."

"मंग कामाचं हाये," तो म्हणाला. "पावसाळ्यात मी बी पल्याड जाऊ शकत नाई."

आष्टीपासून पुढे खरे जंगल लागते. साग निष्पर्ण होते आणि त्यांची मोठी वाळकी पाने ट्रकच्या चाकांखाली कागदासारखी वाजत होती. एका ठिकाणी मोहाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली दिसली. फुले पडायला लागली की वेचायला सोपे जावे म्हणून आधीच झाडून ठेवतात, असे गुरुजींनी सांगितले. आलापल्लीला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. गावाआधी कापलेल्या सागाचा वास येतो. डेपोत ओंडक्यांच्या लांबच लांब रांगा होत्या, आणि गिरणीच्या मागे टिनाच्या छपराखाली एक वाफेचे इंजिन डायनॅमो फिरवत होते. गावात वीज नव्हती. जी होती ती या डायनॅमोची, गिरणीच्या दिव्यांपुरती.

प्रात्यक्षिक गिरणीच्या पडवीत ठेवले होते. दोन बाकांवर यंत्रे मांडून मी वायर ओढत होतो, तेव्हा डायनॅमो सांभाळणारा माणूस हात पुसत आला. वय चाळिशीचे, अंगात खाकी सदरा, पायात काही नाही. त्याचे नाव गणपत मडावी. तो गोंड, जवळच्याच गावचा. हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा मी नावही विचारले नाही.

"जोहार साहेब," तो म्हणाला. "इथची बिजली..."

"माहीत आहे," मी म्हणालो. "दोनशेवीस व्होल्ट. मी मीटर पाहून आलो."

"हौ, दोनशेवीसच हाये. पर..."

"तुम्ही इंजिन एका वेगावर ठेवा म्हणजे झाले. चार वाजता कमी-जास्त करू नका."

त्याने हातातले फडके खांद्यावर टाकले. मग "बरं जी" म्हणून परत छपराखाली गेला. तो पाठमोरा झाल्यावर मला काही वाटले असे मी लिहू शकत नाही. मला घाई होती.

साडेतीनला लोक जमले. पन्नासएक असतील. ओंडके फोडणारे मजूरही कुऱ्हाडी टेकवून उभे होते. मी आधी थोडे समजावून सांगितले आणि दोन्ही यंत्रांची कळ एकदम दाबली.

हिरवा ठिपका दिसलाच नाही. संचातून नेहमीची जड गुणगुणही आली नाही, आणि ती न येण्याचा अर्थ मला तत्काळ कळायला हवा होता. मी दहा-पंधरा सेकंद तसाच वाट पाहत उभा राहिलो. मग वार्निश जळल्याचा वास आला, ऑसिलोस्कोपच्या जाळीतून धूर निघाला आणि पाठोपाठ संचातूनही. मी वायर उपटली तोवर मेण वितळून बाकावर ठिबकत होते.

चूक काय झाली ते एका वाक्यात सांगता येते. शहरातली वीज सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते आणि आपली यंत्रे त्यासाठी बनवलेली असतात. आलापल्लीचा डायनॅमो एकाच दिशेने वाहणारी वीज देत होता. ती यंत्रातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडली की तारेचे वेटोळे तापते आणि जळते. फ्यूज असतो, तो अशा वेळी उडावा. पण चांद्याला फ्यूज दोनदा उडाला म्हणून मी त्यात जाड तार घातली होती. हा विषय मी कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतो.

कुणी हसले नाही. अधिकारी घड्याळाकडे पाहत म्हणाले, "वर्तक, मग आता?"

मी म्हणालो, "आता काही नाही."

मडावी गर्दीतून पुढे आला होता. त्याने संचावर हात ठेवून किती तापला आहे ते पाहिले. मी त्याला विचारले, "तुम्ही मघाशी हेच सांगत होतात?"

"हौ जी."

"मग पुढे बोलला का नाहीत?"

"तुमी म्हनले माहीत हाये." संचावरचा हात न काढता तो म्हणाला, "साहेब, मी लढाईत सिग्नलात होतो. ब्रह्मदेशात. हा संच मले ओळखीचा हाये. ह्याचा ट्रान्सफॉर्मर जळला, पर दिवे नाई जळले." दिवे म्हणजे आतले काचेचे व्हॉल्व्ह. "त्या दिव्यांले शेवटी आपलीच बिजली लागते नं? एका दिशेची?"

मी वाकून जळालेल्या संचात पाहिले. तो म्हणत होता ते बरोबर होते. व्हॉल्व्हना दोन गोष्टी लागतात. एक, आतली तार तापवायला सहा व्होल्टची बारीकशी वीज, आणि दुसरी, दोनशेच्या आसपास व्होल्टची एकाच दिशेने वाहणारी वीज. ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या पुढचा भाग हे सगळे शहरातल्या विजेपासून ही दुसरी वीज बनवण्यासाठीच असते. इथे ती तयारच होती. जळालेला भाग बाजूला काढून डायनॅमोची वीज थेट आत घालता आली असती.

"आणि सहा व्होल्ट?" मी विचारले.

त्याने अंगणात उभ्या जीपकडे बोट दाखवले. अधिकाऱ्यांनी एकदा जीपकडे पाहिले, मग ड्रायव्हरला सांगितले, "बॅटरी काढून दे."

चार वाजायला दहा मिनिटे होती. संच उलटा करून आम्ही दोघे जमिनीवर बसलो. मी सांध्यांवरचे कथलाचे डाग सोडवायचे, त्याने तारा ओढून घ्यायच्या. त्याचे हात माझ्यापेक्षा स्थिर होते. मध्येच मी थांबलो. डायनॅमोच्या दोन तारांपैकी धन कोणती आणि ऋण कोणती, हे नक्की ठाऊक असल्याशिवाय आत जोडणे म्हणजे उरलेले व्हॉल्व्हही घालवणे. माझे मीटर दोन्ही यंत्रांना वीज देणाऱ्या बोर्डावरच होते, तेही जळले होते.

"गुरुजी, खानावळीतून एक आलू आना," मडावी म्हणाला.

गहाणे गुरुजी खरोखरच पळत गेले आणि बटाटा घेऊन आले. मडावीने तो मधोमध कापला. विजेचा जोर कमी व्हावा म्हणून वाटेत एक दिवा जोडला आणि दोन्ही तांब्याच्या तारांची टोके बटाट्यात बोटभर अंतरावर खुपसली. सगळे वाकून पाहू लागले. मिनिटभराने एका तारेभोवती बटाटा हिरवा झाला.

"ही धन," तो म्हणाला आणि त्या तारेला लाल दोऱ्याची गाठ मारली.

चार वाजून एकवीस मिनिटांनी व्हॉल्व्ह तांबूस दिसू लागले. कानाला लावायच्या यंत्रात खरखर आली आणि त्या खरखरीत दामल्यांची हाक, अगदी बारीक, पण स्पष्ट. चार वाजल्यापासून ते कितव्यांदा तरी हाक देत होते. मी बोलून पाहिले, पण माझा आवाज तिकडे पोचत नव्हता. मडावी म्हणाला, "बोलनं नाई जानार. कट्टकट्ट जाईल." त्याने मोर्सची कळ पुढे ओढली, मनगट सैल सोडले आणि पाठवायला सुरुवात केली. मला मोर्स येते, पण इतके सारखे आणि स्वच्छ मी कधी पाठवलेले नाही.

दामल्यांनीही मग कळच वापरली. उत्तर आले तेव्हा अधिकाऱ्यांनी कानाचे यंत्र स्वतः लावले होते. त्यांना ठिपके-रेघा कळत नव्हत्या, म्हणून मडावी एकेक शब्द मोठ्याने सांगत गेला. अधिकारी म्हणाले, "खरेच चांदाच आहे कशावरून? विचारा, परिषदेचे अध्यक्ष आत्ता काय करतात." उत्तर आले, अध्यक्ष चहा पितात आणि चहा गार आहे म्हणतात. पडवीत पहिल्यांदाच लोक हसले. साडेचारला दामल्यांनी निरोप घेतला.

त्यानंतर जे झाले ते सांगितल्याशिवाय हे वर्णन पुरे होणार नाही.

संध्याकाळी विश्रामगृहात जेवण होते. तांदळाची भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, आणि ज्यांना हवे त्यांना वैनगंगेचे मासे. बडे बाबू माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "वर्तक साहेब, कॉलेजच्या यंत्राचं नुकसान झालं. कारण लिहा लागते, नाई तर तुमच्यावर येते. मी लिहून टाकतो, डायनॅमोवाल्यानं आगाऊ सूचना दिली नाई. तुमी काऊन चिंता करता?"

मी काही बोललो नाही. हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. त्यांनी आणखी मासा घ्यायचा आग्रह केला, मी घेतला. माझ्या मनात एवढेच होते की सही करायची वेळ येईल तेव्हा पाहू. आता आठवले की तो मासा चांगला शिजला होता हेही आठवते.

सकाळी ट्रक निघण्याआधी मडावी विश्रामगृहाच्या पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. हातात एक टंकलिखित कागद होता.

"साहेब, हे बाबूंनी देलं. इंग्रजीत हाये. मले अक्षरं लागतेत, मतलब नाई लागत. जरा वाचून सांगा."

मी वाचले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला विजेच्या प्रकाराबद्दल सूचना न दिल्याने मौल्यवान यंत्राचे नुकसान झाले, तरी तुम्हाला कामावरून दूर का करू नये याचे स्पष्टीकरण आठ दिवसांत द्यावे, असा मजकूर होता.

मी तो त्याला मराठीत सांगितला. काही गाळले नाही. त्याने कागद माझ्याकडून परत घेतला आणि पूर्वीच्याच घडीवर घडी केली.

"मी तं सांगत होतो," तो म्हणाला. एवढेच. आवाज चढवला नाही, माझ्याकडे रोखूनही पाहिले नाही.

"तो कागद मला द्या," मी म्हणालो.

अधिकारी व्हरांड्यात दाढी करत होते. मी त्यांच्यापुढे कागद ठेवून सांगितले की यातले एकही वाक्य खरे नाही. या माणसाने मला दोनदा सांगायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा मी त्याला तोडले, आणि फ्यूजमध्ये जाड तारही मीच घातली होती.

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "मग कारणात काय लिहायचे? परिषदेने बोलावलेल्या तज्ज्ञाला साधी गोष्ट कळली नाही असे?"

"तसेच लिहा."

"काल रात्री बाबू म्हणाले तुमची हरकत नाही."

"मी गप्प बसलो होतो," मी म्हणालो. "ती माझी दुसरी चूक."

ते आरशाकडे वळले, अर्ध्या गालाला साबण तसाच. मग कागदावर आडवी रेघ मारून त्यांनी तो मला परत दिला. मी आणखी एक गोष्ट मागितली. तिसऱ्या दिवशीच्या वर्गासाठी मडावीला चांद्याला नेण्याची परवानगी. त्यांनी ती दिली.

ट्रकमध्ये मडावी पेट्यांना पाठ लावून बसला. रस्ता खराब होता आणि बोलणे तुटक होत होते. लढाईतून परतल्यावर बिनतारीचे काम का धरले नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, "मॅट्रिक पाह्यजे म्हनते. मी तं चवथी." मग बऱ्याच वेळाने, मी न विचारता, त्याने सांगितले. मागच्या पावसाळ्यात त्याचा धाकटा भाऊ डेपोत ओंडक्याखाली सापडला. मांडीचे हाड मोडले होते, पण माणूस शुद्धीवर होता, बोलत होता. नदीला पूर होता. चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस पलीकडे पोचायला तीन दिवस लागले आणि डॉक्टर यायला आणखी दोन.

"चवथ्या दिवशी गेला," तो म्हणाला. "मी त्याच्यापाशीच होतो. संच असता तं मी स्वता निरोप धाडला असता. मले येत होतं नं."

आष्टीच्या तराफ्यावर आम्ही दोघांनी मिळून पेट्या उतरवल्या. या वेळी एक बाजू मी धरली आणि दुसरी त्याने.

तिसरे प्रात्यक्षिक कार्यक्रमपत्रिकेत 'ऑसिलोस्कोपची देखभाल' असे छापले होते. मी टेबलावर जळालेले दोन्ही ट्रान्सफॉर्मर ठेवले. काळे पडलेले वेटोळे एकेक करून प्रेक्षकांत फिरवायला दिले. काय झाले ते पहिल्यापासून सांगितले, मडावीला मी काय म्हणालो ते शब्दही सांगितले. पुढच्या रांगेत आमच्या विषयातली मोठी माणसे बसली होती. त्यांतले एक जण वेटोळे नाकाशी नेऊन, वास घेऊन पुढे देत गेले. ते पाहताना माझे कान तापले होते, हे कबूल करतो.

मग मी म्हणालो, पुढचा वर्ग श्री. गणपत मडावी घेतील. तो आधी तयार नव्हता. उभा राहिला आणि पहिली दोन मिनिटे टेबलाकडेच पाहून बोलला. नंतर त्याने बटाटा कापला, तारा खुपसल्या आणि त्याला विषय सापडला. तासभर त्याने तिकडच्या झाडी बोलीत शिकवले. एका अभियंत्याने विचारले की बटाटा नसेल तर काय करायचे. "मिठाचं पानी घ्या," तो म्हणाला. "ज्या तारेले बुडबुडे जास्त, ते ऋण. मीठ बी नसन तं मंग तिथी मानूस बी नसन. निरोप कोनाले धाडता?"

वर्ग संपल्यावर मंडळी टेबलाभोवती जमली. गहाणे गुरुजी वहीत बटाट्याची आकृती काढून घेत होते. अधिकारी दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. जाताना ते माझ्याशी नाही, मडावीशी बोलले. काय बोलले ते मला ऐकू आले नाही.

त्याच संध्याकाळी मी परतीची गाडी पकडली. मडावी स्टेशनवर आला होता. पेट्या डब्यात चढवून तो फलाटावर उभा राहिला. "पुन्याले बिजली कशी हाये?" त्याने विचारले. मी म्हणालो, उलटसुलट वाहणारी. "मंग बरं," तो म्हणाला. गाडी हलली.

पुण्यात मी प्राचार्यांना लेखी अहवाल दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे वेगळ्या तऱ्हेनेही लिहिता आले असते." मी म्हणालो, आले असते. त्यांनी यंत्रांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. ती दोन वर्षे दुसऱ्याकडे होती. त्या दोन वर्षांत मी खडूफळ्यावरच शिकवले आणि दामले माझ्या वर्गासाठी यंत्रे मांडून देत.

आलापल्लीला आणि आणखी काही डेपोंना पावसाळ्याच्या आधी संच मिळाले, असे गहाणे गुरुजींनी कळवले. मॅट्रिकच्या अटीवरून बरीच लिहापढी झाली. शेवटी मडावीला तिथल्या संचावर तात्पुरता म्हणून नेमले, आणि कागदावर तो अजूनही तात्पुरताच आहे.

चांद्याकडून आलेल्या माणसाला पुण्यात सगळे एकच प्रश्न विचारतात. वाघ दिसला का? मी सांगतो, नाही दिसला. आलापल्लीला एक माणूस मला काही सांगायला आला होता, त्याचे वाक्य मी पुरे होऊ दिले नाही. ऐकणाऱ्याला वाटते आता वाघ येणार. तो येत नाही असे दिसल्यावर काही जण चहा संपवून उठतात. जे बसून राहतात त्यांना मी पुढचे सांगतो.